कूलर बंद करून ऐकलेली भाषा

विभागाच्या त्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून मी डोकावले, तर पांढऱ्या कापडात शिवलेले गठ्ठे थेट छताला टेकलेले आणि मधून एका माणसापुरती वाट. फळा अजून आहे, पण वरचा हातभरच दिसतो. ज्या खिडकीत आमचा कूलर बसवलेला होता, ती कोणत्या गठ्ठ्यांमागे असेल याचा मी अंदाज घेत होते, तेवढ्यात मागून शिपाई म्हणाला, "म्याडम, इथं कोनी बसत नाई आता. मार्कशीटचं काम असन तं खाली जा, बारा नंबरच्या खिडकीवर."

काम मार्कशीटचंच होतं. सकाळची एसटी पकडून मी अकोल्याहून तेवढ्यासाठी अमरावतीला आले होते. बेचाळिसाव्या वर्षी कोणी आपली गुणपत्रिका मागेल असं मला वाटलं नव्हतं. पण अकोल्यातल्या ज्या हॉटेलच्या काउंटरमागे मी अठरा वर्षं उभी राहिले, ते या महिनाअखेरीस बंद होतं आहे. त्या जागेवर मंगल कार्यालय व्हायचं आहे आणि मंगल कार्यालयाला रिसेप्शनिस्ट लागत नाही. अशात एका एजन्सीने कळवलं की जर्मनीतल्या एका लहानशा हॉटेलला माणूस हवं आहे, भाषा येणारं, अनुभव असलेलं. दुपारी तीन वाजता मोबाईलवर मुलाखत होती. ही शेवटची संधी, असं म्हणायची पद्धत असते. माझ्या बाबतीत तिच्याआधीची एकच होती आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली होती.

"जर्मन?" खिडकीवरच्या बाबूने मान वर केली. "आपल्या इथं जर्मन होतं?" त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याला माहीत नव्हतं. "पायतो जुन्या रजिस्टरात. जेवन झाल्यावर या." मग मी कडुलिंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसले. झाड तेच होतं, ओटा नवा होता. तीन वाजायला भरपूर वेळ होता.

उन्हाळ्यात हे आवार नुसतं भाजून निघायचं. आमच्या खोलीत एक कूलर होता, लोखंडी, निळा, पोपडे उडालेला. फाल्गुन संपता संपता त्यात नवा वाळा भरला जायचा आणि पहिल्या दिवशी तो भिजला की खोलीभर असा वास सुटायचा की शिकायचं सोडून झोपावंसं वाटे. जूनपर्यंत त्याच वाळ्याला शेवाळाचा वास येऊ लागे. पण कूलरची घरघर एवढी मोठी होती की टेपवरचं काही ऐकू यायचं नाही. आणि जर्मन शिकवणाऱ्या बाईंचा टेपवर फार जीव. बाई पुण्याच्या, लग्न होऊन अमरावतीला आलेल्या, इथल्या उन्हाशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्या कपाळ पुसत म्हणायच्या, "चला, आता ऐकायचं," आणि वर्गातले सगळ्यांत वडीलधारे विद्यार्थी, आमचे काका, उठून कूलरचं बटण बंद करायचे. मग दहा मिनिटं फक्त टेप. पहिल्याच मिनिटात मानेवरून घाम ओघळायला लागे, वही हाताला चिकटे, आणि टेपमधली माणसं निवांतपणे बर्फावर बोलत बसलेली असत. आजही कोणी जर्मन बोललं की मला आधी उकडायला लागतं.

आम्ही तिघंच होतो. मी, फार्मसी करून परदेशी जायचं ठरवून बसलेला एक मुलगा, आणि काका. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी डोक्याला काम द्या सांगितलं म्हणून त्यांनी जर्मन घेतली होती. सातवा धडा हॉटेलातला होता. एक गृहस्थ येतात, तळ्याकडची खोली मागतात, काउंटरवरची बाई ती देते. वाचनात काका दर वेळी पाहुणे आणि मी दर वेळी काउंटरवरची बाई. काका टोपी काढून ठेवायचे, घसा साफ करायचे आणि इतक्या गंभीरपणे खोली मागायचे की बाईंनाही हसू आवरत नसे. मी एकदाही त्यांना नाही म्हटलं नाही. तास संपला की ते आम्हाला राजकमल चौकात गिला वडा खाऊ घालायचे. ताटलीत दही ओतलं जात असताना म्हणायचे, "तयाकडची खोली भेटली म्हून पार्टी." या हॉटेलच्या धंद्यात मी आले ती अशी, त्या धड्यातून. दुसरं काही कारण सांगता येणार नाही.

पण बाबांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. आमचं गाव बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, कसदार, पण खाली पाणी खारं. विहिरीला खारं, बोअरला खारं. त्यात तूर शिजत नाही, चहाला चव येत नाही, साबणाला फेस येत नाही. आम्ही तेच पीत होतो. पण घरात एक माठ वेगळा असायचा, पाहुण्यांचा. त्यातलं गोड पाणी बाबा नदीपलीकडच्या विहिरीवरून सायकलला दोन कॅन बांधून आणायचे. त्या माठावर पितळी झाकण आणि त्यावर फडका. आम्हा पोरांना त्यातलं पाणी फक्त ताप आल्यावर मिळायचं. मला लहानपणी ताप आवडायचा. आणि एक गोष्ट आमच्याकडे कोणी शिकवली नाही, तरी सगळ्यांना ठाऊक होती. हे पाणी कुठून आणलं, ते पाहुण्याला कळू द्यायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे, या घरी असंच पाणी असतं.

मी जर्मन घेते म्हटल्यावर गावात जरा थट्टा झाली. बाबा मात्र म्हणाले, "शिक. आपल्या घरी पाहुने येतात, तू पाहुन्याच्या देशात जाय." त्यांच्या मनात ते तेव्हाच ठरलं होतं.

शिक्षण संपल्यावर बाईंनी ओळखीने मला अमरावतीतल्या एका हॉटेलात लावून दिलं. दोन वर्षांत एकही परदेशी माणूस आला नाही. औषध कंपन्यांची माणसं, बदलीवर आलेले साहेब, लग्नाची वऱ्हाडं. सकाळी मी किल्ल्या जर्मनमध्ये मोजायची, तेवढीच काय ती भाषा. पण सकाळी सात वाजता चालत्या हॉटेलला जो वास असतो तो मला तिथे लागला. फरशीवरचं फिनाईल, इस्त्रीच्या चादरींची खळ, लॉबीतल्या तसबिरीपुढची उदबत्ती आणि आतून पोह्यांची फोडणी. हा वास आला की मला वाटायचं, आज कोणीतरी येणार.

आणि एका हिवाळ्यात आलं. अकोटच्या एका जिनिंगमध्ये परदेशी यंत्र बसवायचं होतं, त्यासाठी एक जर्मन साहेब दोन महिने राहणार होते. राहणार अकोल्यात आणि रोज गाडीने अकोटला जाणार. अकोल्याच्या हॉटेलवाल्यांनी भाषा येणारं माणूस शोधलं आणि मी सापडले. त्यांच्या खोलीत मी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने कार्ड लिहून ठेवलं. कृपया सीलबंद बाटलीतलंच पाणी प्यावं, बाकीचं पाणी फक्त धुण्यासाठी वापरावं. हॉटेलचा नियमच होता. मी ते बाईंनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि कोपऱ्यात एक फूल काढलं.

ते दोन महिने मी खरी भाषा बोलले. संध्याकाळी साहेब परत यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, स्वेटरवर रुईचे तंतू चिकटलेले असायचे. काउंटरवर कोपर टेकून ते दिवसभराचं सांगायचे. पहिल्या आठवड्यात मला निम्मंच कळायचं. मग एक दिवस लक्षात आलं की मी शब्द जुळवत नाहीये, नुसती ऐकते आहे. ते हसून म्हणायचे, तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता. बाईंचं पुस्तक फार जुनं होतं, त्याला कोण काय करणार. मार्गशीर्षातला गारवा होता, बाजारात सरकीचा आणि नव्या तुरीचा वास होता, आणि मी चोवीस वर्षांची होते. एवढी हुशार मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

एकदा ते म्हणाले, माझ्या बहिणीचं तळ्याकाठी बारा खोल्यांचं हॉटेल आहे, तिला तुमच्यासारखी मुलगी हवी आहे. मला काकांची आठवण झाली. मग म्हणाले, जाण्याआधी तुमचं घर बघेन, म्हणजे बहिणीला सांगता येईल की कुठल्या घरातली मुलगी पाठवतोय.

ते आमच्याकडे हुरड्याला आले. बाबांनी दोन दिवस आधीपासून खेपा घालून माठ काठोकाठ भरला होता. शेतात आगटी पेटली होती, कणसं भाजली जात होती, मी तळहातावर दाणे चोळून त्यांना देत होते आणि ते प्रत्येक घासाला डोळे मिटत होते. सगळं छान चाललं होतं. घरी आलो, अंगणात बाज टाकली होती. आईने पितळी तांब्या आणि पेला आणला. "घ्या म्हना त्यायले," ती मला म्हणाली, "थंड हाय."

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नियम आठवल्यासारखे हसले. मग अंगणाच्या कडेला जाऊन त्यांनी ते पाणी राखेने काळ्या झालेल्या हातांवर ओतलं. मग तोंड धुतलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मी बाज सरळ केली. तिने आत जाऊन तांब्या पुन्हा भरून आणला, त्या पाण्याने त्यांनी बुटांचा चिखल धुतला आणि तिला फार वाकून धन्यवाद दिले. तिसऱ्या वेळी आत तांब्या माठाच्या तळाला घासल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"वरन शिजाचं हाय अजून," आई दारातून हळूच म्हणाली.

"असू दे. पाहुना हाय," बाबा म्हणाले. त्यांनी सायकल काढली, कॅन बांधले आणि गेले.

तुमचे वडील कुठे गेले, साहेबांनी विचारलं. शेतात थोडं काम आहे, येतील इतक्यात, मी म्हटलं. लांब, पूर्ण वाक्य होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. बाबांना परतायला दीड तास लागला. तोवर साहेब उपाशी बाजेवर बसून आमच्या वासराचे फोटो काढत होते. बाबा आले, शर्ट पुढून भिजलेला, आणि हात धुऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसले. आग्रह कर करून वाढलं. जेवण झाल्यावर साहेब मला म्हणाले, वडिलांना सांगा, इतकं चांगलं जेवण मी इथे कुठेच जेवलो नाही. आणि तुमचेही आभार, तुमच्या त्या कार्डामुळे मी दोन महिन्यांत एकदाही आजारी पडलो नाही.

"काय म्हनते?" बाबांनी विचारलं.

"जेवन आवडलं म्हनते."

बाबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलंच, "तू काहून नाई सांगतलं त्याले?" माझ्याआधी बाबाच बोलले, "पान्याचं सांगाचं नसते पाहुन्याले." विषय तिथे संपला. त्या घरात तो पुन्हा कधी निघाला नाही.

साहेबांनी जाताना बहिणीचा पत्ता लिहून दिला. त्या उन्हाळ्यात मी चार पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. कोणी विचारलं तर आजही धड सांगता येत नाही. त्या माणसाने काही चूक केली नव्हती, त्याने मी लिहिलेलं पाळलं. राग माझ्या कार्डाचा होता, त्यावर काढलेल्या फुलाचा होता. तळ्याकाठी उभं राहून त्यांच्या लोकांना हसून खोल्या द्यायच्या, हे त्या उन्हाळ्यात माझ्याने होईना. पुढच्या वर्षी झालं असतं, पण तेव्हा लिहायची हिंमत राहिली नव्हती. बाबा दर दिवाळीला विचारायचे, "काही आलं का तिकडून?" मी नाही म्हणायची. ते म्हणायचे, "येईन पत्र."

मग वर्षं गेली. काका वारले, बाई पुण्याला मुलाकडे गेल्या. फार्मसीवाला मुलगा खरंच परदेशी गेला, पण कॅनडाला, आणि तिथे जर्मन लागत नाही. टेप, पुस्तकं, तो निळा कूलर कुठे गेले कोणास ठाऊक. हॉटेलात कोरोनाचे रुग्ण ठेवले, मग लग्नं ठेवली. तीन वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठात कामासाठी एक तरुण जर्मन संशोधक आला होता. मी वाक्य तयार केलं, तोवर त्याने फोन माझ्यापुढे धरला. फोनमधून एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "कृपया मला शांत खोली द्यावी." मी फोनकडे बघून मराठीत म्हटलं, देते. तो त्या फोनशीच बोलत राहिला, मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी किल्ली दिली. त्या दिवसापासून मी किल्ल्या जर्मनमध्ये मोजणं सोडलं.

अडीच वाजता बाबूने हाक मारली. कागद सापडला होता. "फर्स्ट क्लास हाय तुमचा, म्याडम," तो कौतुकाने म्हणाला. मी सही केली. ओट्यावर आता कँटीनची गर्दी होती, म्हणून मी पुन्हा वर गेले आणि त्या गठ्ठ्यांच्या खोलीबाहेर, पायरीवर, मोबाईल गुडघ्यांवर ठेवून बसले.

पलीकडे पंचविशीची मुलगी होती. मागे लाकडी भिंत, किल्ल्यांचे आकडे, फुलदाणी. मी माझी ओळख सांगितली. आठवडाभर घोकली होती, छान झाली. तिने पुढचा प्रश्न विचारला आणि तो मला कळला नाही. पुन्हा सांगाल का, मी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि मला फक्त 'हिवाळा' हा शब्द सापडला. मी हिवाळ्याबद्दल काहीतरी बोलले. तिने ऐकून घेतलं आणि इंग्रजी सुरू केली. मी आणखी एकदा जर्मनमध्ये उत्तर दिलं. तिने पुढचा प्रश्न इंग्रजीतच विचारला. इतक्या वर्षांनंतर ही जागा का सोडताय? खरं उत्तर मला फक्त वऱ्हाडीत येत होतं. मी इंग्रजीत म्हटलं, नवं काही शिकायचं आहे.

आम्ही कळवू, ती म्हणाली आणि हसली.

ते हसू मला माहीत आहे. डोळे थोडे मोठे करायचे, मान जराशी कलती ठेवायची आणि तुमच्याशी बोलून फार आनंद झाला असं म्हणायचं. आमच्याकडे लागलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी ते आरशासमोर उभं करून शिकवलं आहे. काम मागायला आलेल्या माणसाला तसंच हसून परत पाठवायचं असतं, म्हणजे तो तक्रार न करता जातो. या मुलीला कोणीतरी चांगलं शिकवलं होतं. मीही तसंच हसले आणि फोन बंद झाला.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागायची होती. आईचा फोन आला.

"काय म्हने वो, झालं का?"

"झालं. कळवतो म्हने."

"कळवतो म्हने?" तिचा आवाज चढला. आमच्या गावात कळवतो म्हटलेला माणूस कळवतो. "मंग झालंच म्हनाचं. आवो, आयकलं का? पोरीचं झालं म्हनते!"

मागून बाबांचा आवाज आला. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. "मी म्हनत नोतो? येईन म्हनत नोतो?"

मी सांगायला तोंड उघडलं. वीस वर्षं मी लोकांना खोल्या शिल्लक नाहीत, नोकरी नाही, तुमची तक्रार वर कळवली आहे असं सांगत आले, आणि आता एक साधं वाक्य निघेना. पलीकडे आई डोळे पुसत असावी, नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा इचारून रायले," ती म्हणाली, "मंग कधी जा लागते तुले?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.